दुकान, टपरी, पथारी : रस्त्यावरील लहान व्यापाराची शब्दसंपदा आणि जागेचा हक्क

प्रास्ताविक

बाजाराचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष साधारणपणे मोठ्या व्यापाऱ्यांकडे, पेढ्यांकडे, बंदरांकडे आणि जकातीच्या उत्पन्नाकडे जाते. रस्त्याच्या कडेला बसून भाजी, पान, चहा, चपला अथवा कंगवे विकणारा मनुष्य या इतिहासात क्वचितच दिसतो. त्याच्या वह्या नसतात, त्याची पेढी नसते आणि त्याचे दप्तर कोणी जतन केलेले नसते. मात्र त्याच्याविषयीचे एक साधन विपुल आहे. ते साधन म्हणजे त्याला आणि त्याच्या जागेला वेळोवेळी दिली गेलेली नावे होत.

मराठीत लहान विक्रीच्या जागेसाठी दुकान, गादी, गाळा, स्टॉल, केंद्र, बूथ, टपरी, खोके, ठेला, गाडा, हातगाडी, पाल, बाकडे, पथारी असे कितीतरी शब्द प्रचलित आहेत. वरवर पाहता हे शब्द त्या जागेच्या आकाराचे किंवा बांधणीचे वर्णन करतात. बारकाईने पाहिले असता मात्र असे दिसते की, पायाखालच्या जमिनीशी विक्रेत्याचे नाते कोणत्या प्रकारचे आहे, हे त्यांतील बहुतेक शब्द सांगतात. जमीन मालकीची आहे की भाड्याची, शासनाने दिलेली आहे की केवळ खपवून घेतलेली, हे शब्दावरून ओळखता येते. प्रस्तुत निबंधात या शब्दसंपदेचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला असून, पथविक्रेत्यांविषयीच्या २०१४ च्या कायद्यानंतर या विचाराला व्यावहारिक महत्त्व कसे आले आहे, हे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

हाट, पेठ आणि दुकान

जुन्या मराठीतील ‘हाट’ हा शब्द संस्कृत ‘हट्ट’ या शब्दापासून आला. ठरलेल्या ठिकाणी, ठरलेल्या दिवशी भरणारा बाजार हा त्याचा अर्थ विदर्भाच्या बोलीत आजही टिकून आहे. अन्यत्र त्याची जागा ‘आठवडे बाजार’ या जोडशब्दाने घेतली. आठवडे बाजारातील विक्रेत्याची जागा एका दिवसापुरती असते. तो ‘पाल’ ठोकतो आणि सायंकाळी उतरवितो. येथे जागेवर कायमचा हक्क कोणी सांगत नाही. परंतु दर आठवड्याला तोच विक्रेता त्याच झाडाखाली बसतो आणि शेजारचे विक्रेते ती त्याचीच जागा मानतात. लेखी आधार नसलेल्या या वहिवाटीचे स्मरण ठेवणे आवश्यक आहे. पुढील काळातील बहुतेक वाद याच वहिवाटीच्या मान्यतेविषयी आहेत.

‘पेठ’ हा शब्द कानडी ‘पेटे’शी नाते सांगतो. मराठा अमदानीत नवी पेठ वसविणे हे राज्यकारभाराचे एक महत्त्वाचे अंग होते. पेठ वसविणाऱ्यास कौल दिला जाई, व्यापाऱ्यांना काही वर्षे करांत सूट मिळे आणि पेठेची व्यवस्था शेटे व महाजन या वतनदारांकडे असे. पुण्याच्या सदाशिव, नारायण, भवानी, नाना या पेठांची वाढ पेशवाईतील याच पद्धतीने झाली. पेठेत जागा मिळालेला वाणी, बोहरी, कासार अथवा तांबोळी हा राज्याने निमंत्रित केलेला व्यापारी होता. त्याच्या जागेला ‘दुकान’ म्हणत.

‘दुकान’ हा शब्द अरबी-फारसीतून मराठीत आला. अरबीत ‘दुक्कान’ म्हणजे बसण्याचा ओटा अथवा चौथरा, आणि त्यावरून मालाची विक्री होते ती जागा. म्हणजे आज ज्या शब्दाला पक्क्या बांधकामाचा आणि प्रतिष्ठेचा वास आहे, त्याचा मूळ अर्थ रस्त्याला लागून असलेला एक उंचवटा एवढाच होता. शिवकाळात सिद्ध झालेल्या ‘राजव्यवहारकोशा’त फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देताना व्यापारविषयक शब्दांसाठी ‘पण्यवर्ग’ असा स्वतंत्र विभाग केलेला आढळतो. दरबारी परिभाषेत संस्कृतीकरणाचा हा प्रयत्न काही अंशी रुजला. परंतु बाजारातील माणसाने ‘बाजार’ आणि ‘दुकान’ हे शब्द सोडले नाहीत. बाजाराची भाषा दरबारातून ठरत नाही, याचे हे एक जुने उदाहरण मानता येईल.

पेशवाईतील पेठेत दुकान आणि रस्ता यांच्यातील सीमा आजच्यासारखी रेखीव नव्हती. वाड्याच्या दर्शनी भागातील ओटा हाच दुकानाचा दर्शनी भाग असे आणि माल ओट्याखाली रस्त्यावर मांडलेला असे. ‘रस्ता’ हा केवळ जाण्यायेण्यासाठी आहे आणि तेथे होणारी विक्री हा ‘अडथळा’ आहे, ही कल्पना नंतरच्या काळात, नगरपालिकांच्या स्थापनेबरोबर दृढ झाली.

मंडई आणि गाळा

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई व पुणे या शहरांतील खुल्या बाजारांचे रूप पालटले. मुंबईत म्युनिसिपल कमिशनर ऑर्थर क्रॉफर्ड यांच्या नावाने ओळखली जाणारी मंडई १८६९ मध्ये पूर्ण झाली. पुण्यात शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात भाजीबाजार भरत असे. तेथून तो हलवून शुक्रवार पेठेत नवी इमारत उभारण्यात आली आणि १८८६ मध्ये तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ती सुरू झाली. जोतीराव फुले हे १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. या इमारतीवर मोठी रक्कम खर्च करण्यास त्यांनी विरोध केला. तो पैसा शिक्षणाकडे वळवावा, अशी त्यांची भूमिका होती. पुढे मुंबई आणि पुणे येथील या दोन्ही मंडयांना फुले यांचेच नाव देण्यात आले, हा इतिहासातील एक विलक्षण योगायोग होय.

मंडईच्या इमारतीने मराठीतील एका जुन्या शब्दाला नवा व्यापारी अर्थ दिला. ‘गाळा’ म्हणजे दोन खांबांमधील मोकळी जागा. घराच्या बांधणीतील हा शब्द मंडईत भाड्याने दिल्या जाणाऱ्या मोजलेल्या जागेसाठी रूढ झाला. गाळ्याला क्रमांक असतो, भाडे असते, नोंदवहीत नाव असते. ज्याला गाळा मिळाला तो ‘गाळेधारक’ झाला. ज्याला मिळाला नाही, तो मंडईच्या भिंतीबाहेर बसू लागला. तो पूर्वी पटांगणात ज्या प्रकारे बसत होता त्याच प्रकारे आताही बसत होता. मात्र आतील जागा अधिकृत ठरल्यामुळे बाहेरची जागा आपोआप अनधिकृत ठरली. नियोजित बाजाराची प्रत्येक इमारत अशा रीतीने आपल्या भोवतीचा एक अनधिकृत बाजारही निर्माण करते. महाराष्ट्रातील बहुतेक शहरांतील मंडयांच्या परिसरात हे चित्र आजही पाहावयास मिळते.

टपरी, खोके, गाडा, पथारी

गाळ्याच्या बाहेर राहिलेल्या व्यापाराची शब्दसंपदा प्रांताप्रांतांनुसार भिन्न आहे. पुणे, मुंबई व नाशिककडे पत्र्याच्या अथवा फळ्यांच्या लहान दुकानास ‘टपरी’ म्हणतात. दक्षिण महाराष्ट्रात, विशेषतः सांगली-कोल्हापूरकडे, ‘खोके’ हा शब्द अधिक ऐकू येतो आणि त्याच्या मालकास ‘खोकीधारक’ म्हणतात. विदर्भात ‘पानठेला’ हा शब्द सर्वतोमुखी आहे. गोव्यात खाद्यपदार्थांच्या अशा जागेस ‘गाडो’ असे नाव आहे. त्याला चाके असतात, पण तो वर्षानुवर्षे एकाच जागी उभा असतो. मुंबईत ‘बाकडे’ हा शब्द फळीवर माल मांडून बसणाऱ्यांसाठी वापरला गेला.

या शब्दांतील प्रतिष्ठेची उतरंड लक्षणीय आहे. पुण्यात पान विकणाऱ्या जुन्या दुकानास ‘पानाची गादी’ म्हणत. ‘गादी’ हा शब्द मठाधिपतीच्या अथवा सावकाराच्या बैठकीसाठीही वापरला जातो. म्हणून ‘पानाची गादी’ या नावात एक प्रकारचे स्थैर्य आणि आब आहे. तेच पान, तोच कात-चुना आणि तीच सुपारी पत्र्याच्या पेटीतून विकली जाऊ लागली की नाव ‘पानटपरी’ होते. मालात फरक पडलेला नाही. जागेवरील हक्काचा भरवसा मात्र कमी झालेला आहे.

‘पथारी’ या शब्दाचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे. पथारी म्हणजे अंथरूण. ‘पथारी पसरणे’ या वाक्प्रचारात निवांतपणे ठाण मांडण्याची छटा आहे. जमिनीवर कापड पसरून त्यावर माल मांडणारा तो पथारीवाला. पुण्यातील अशा विक्रेत्यांची संघटना ‘पथारी व्यावसायिक पंचायत’ या नावाने उभी राहिली. या नावातील ‘व्यावसायिक’ हा शब्द हेतुपूर्वक आलेला दिसतो. पथारी हा ज्याचा अडथळा म्हणून उल्लेख होई, त्याने स्वतःला व्यावसायिक म्हणवून घेणे हा हक्काचाच उच्चार होता.

याउलट ‘फेरीवाला’ हा शब्द फेरी घालणाऱ्याचा, म्हणजे फिरणाऱ्याचा वाचक आहे. डोक्यावर पाटी घेऊन गल्लोगल्ली जाणारी कोळीण, जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण, कल्हईवाला, ही खऱ्या अर्थाने फेरीवर असलेली माणसे होत. नगरपालिकांच्या परिभाषेत मात्र रस्त्यावर विकणारा प्रत्येक जण ‘फेरीवाला’ झाला, मग तो तीस वर्षे एकाच वडाखाली बसलेला असो. या नावाचा परिणाम साधा नव्हता. ज्याच्या नावातच फिरणे आहे, त्याला एका जागी बसण्याचा अधिकार कसा असेल, हा युक्तिवाद नावानेच सोपा करून ठेवला.

केंद्र, स्टॉल आणि बूथ

रस्त्याच्या कडेची पत्र्याची पेटी स्वतः शासनाने मांडली अथवा मंजूर केली की तिचे नाव बदलते, हे स्वातंत्र्योत्तर काळात ठळकपणे दिसून येते. मुंबईत आरे वसाहतीतील दुधाच्या वितरणासाठी पदपथांवर उभ्या राहिलेल्या लहान खोक्यांना ‘दूध केंद्र’ म्हटले गेले. दूरध्वनीच्या सेवेसाठी, विशेषतः अपंग व्यक्तींना, मिळालेल्या जागांना ‘बूथ’ म्हटले गेले. गटई कामगारांना, म्हणजे रस्त्याकडेला पादत्राणे दुरुस्त करणाऱ्यांना, समाजकल्याणाच्या योजनेतून मिळणाऱ्या पत्र्याच्या पेटीचे नाव ‘स्टॉल’ असे आहे. १९९५ मध्ये सत्तेवर आलेल्या युती शासनाने एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना सुरू केली. त्यासाठी सार्वजनिक जागांवर उभ्या राहिलेल्या दुकानांना ‘झुणका-भाकर केंद्र’ असे नाव मिळाले. २००० मध्ये ही योजना बंद झाली. त्यानंतर अशा अनेक जागांचे काय करावयाचे, याविषयी दीर्घकाळ वाद चालले. कालपर्यंतचे ‘केंद्र’ योजना संपताच ‘अतिक्रमण’ ठरू शकले. मधल्या काळात पत्रा, फळ्या आणि चूल त्याच होत्या.

येथे एक निरीक्षण नोंदविणे उचित होईल. केंद्र, स्टॉल, बूथ हे शब्द शासनाकडून आलेले आहेत. टपरी, खोके, ठेला, गाडा हे लोकांकडून आलेले आहेत. पहिल्या गटातील शब्द परवान्यावर लिहिले जातात. दुसऱ्या गटातील शब्द प्रायः जप्तीच्या पंचनाम्यात आणि वर्तमानपत्रांतील कारवाईच्या बातम्यांत आढळतात.

कायद्याची भाषा : अडथळ्यापासून पथविक्रेत्यापर्यंत

१८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने रस्त्यावर मांडलेला माल हटविण्याचे अधिकार आयुक्तांना दिले. कलम ३१४ नुसार अशी कारवाई पूर्वसूचनेशिवायही करता येते. या कायद्याच्या दृष्टीने विषय होता तो रस्ता. विक्रेता हा रस्त्यावर आलेल्या अनेक वस्तूंपैकी एक होता. पुढे महापालिकांत ‘अतिक्रमण निर्मूलन’ या नावाचे विभाग स्थापन झाले. ‘निर्मूलन’ हा शब्द मराठीत हिवताप आणि देवी यांसारख्या रोगांसाठी रूढ असलेला शब्द आहे. प्रशासनाने तो उपजीविकेच्या संदर्भात वापरावा, यातून त्या काळची दृष्टी स्पष्ट होते.

१९८० चे दशक या दृष्टीने निर्णायक ठरले. मुंबईतील कापड गिरण्यांचा संप जानेवारी १९८२ मध्ये सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात सामील होते. संपानंतर अनेक गिरणी कामगार आणि त्यांच्या घरांतील स्त्रिया उपजीविकेसाठी रस्त्यावरील विक्रीकडे वळल्या. याच दशकात रस्त्यावरील विक्रीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. ‘बॉम्बे हॉकर्स युनियन’ खटल्यात १९८५ मध्ये न्यायालयाने विक्रीस मुभा असलेली आणि मुभा नसलेली क्षेत्रे ठरविण्याचा मार्ग पुरस्कारिला. १९८९ मध्ये दिल्लीतील ‘सोदन सिंग’ खटल्यात घटनापीठाने रस्त्यावर व्यापार करणे हा संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(छ) खालील अधिकार असल्याचे, तसेच त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात असे मान्य केले. मात्र एखाद्या विशिष्ट जागेवर कायमचा हक्क सांगता येणार नाही, असेही स्पष्ट केले. व्यवसायाचा हक्क मान्य झाला, जागेचा हक्क अनिर्णित राहिला.

या अनिर्णित अवस्थेचे सर्वांत बोलके उदाहरण मुंबईतील पावती पद्धतीत सापडते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस महापालिकेने विक्रेत्यांकडून दररोज शुल्क घेण्यास प्रारंभ केला. या शुल्काच्या नावातच जागेचा वापर अनधिकृत असल्याचे नमूद होते आणि कचरा उचलण्याचा आकारही त्यातच धरलेला होता. पैसे घेणारी संस्था त्याच कागदावर घेतलेल्या पैशाचे कारण बेकायदेशीर असल्याचे लिहून देत होती. विक्रेत्यांनी मात्र ‘पावती’ हा एकच शब्द लक्षात ठेवला आणि त्या चिठ्ठ्या जपून ठेवल्या. त्यांच्या लेखी ती पावती म्हणजे आपण तेथे होतो याची साक्ष होती. जुन्या हैदराबाद संस्थानाच्या परंपरेतून मराठवाड्यात रुळलेला ‘तहबाजारी’ हा शब्द अथवा अन्यत्रचा ‘भुईभाडे’ हा शब्द अशाच जमिनीच्या वापराबद्दलच्या वसुलीचा वाचक आहे. फरक इतकाच की, या जुन्या शब्दांत विक्रेत्यास गुन्हेगार ठरविलेले नाही.

२०१० मध्ये ‘गैंडा राम’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या विषयावर कायदा करण्याची आवश्यकता प्रतिपादन केली. त्यापूर्वी २००४ आणि २००९ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय धोरणे जाहीर केली होती. अखेर संसदेने संमत केलेला पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम १ मे २०१४ पासून अंमलात आला. नगर पथविक्रेता समिती, दर पाच वर्षांनी सर्वेक्षण, विक्री प्रमाणपत्र आणि सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत विक्रेत्यांना हटविण्यास मनाई, या त्यातील प्रमुख तरतुदी होत. समितीत विक्रेत्यांचे प्रतिनिधित्व चाळीस टक्क्यांहून कमी नसावे आणि त्यांतील एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, असेही बंधन आहे.

भाषेच्या अभ्यासकाच्या दृष्टीने या अधिनियमाची व्याख्या विशेष महत्त्वाची आहे. पथविक्रेता कोण, हे सांगताना कायद्याने फेरीवाला इत्यादी नावांचा समावेश तर केलाच. शिवाय स्थानिक अथवा प्रादेशिक स्वरूपाचे सर्व समानार्थी शब्दही त्यात अंतर्भूत होतील, असे म्हटले. टपरीवाला, खोकीधारक, ठेलेवाला, गाडेकार, पथारीवाला या सर्वांना एका व्याख्येखाली आणताना कायद्याने प्रथमच लोकभाषेतील नावांना दार उघडून दिले.

पन्नास वर्षांचा पुरावा

शब्दांचा हा इतिहास निव्वळ कुतूहलाचा विषय राहत नाही, याचे कारण याच अधिनियमातील आणखी एका तरतुदीत आहे. ज्या नैसर्गिक बाजारात पथविक्रेते पन्नास वर्षांहून अधिक काळ व्यवसाय करीत आले आहेत, तो बाजार वारसा बाजार म्हणून घोषित करावा आणि तेथील विक्रेत्यांना अन्यत्र हलवू नये, असे त्यात सांगितले आहे. म्हणजे पन्नास वर्षांचा इतिहास सिद्ध करता येणे हे शेकडो कुटुंबांच्या दृष्टीने जागा राहणे अथवा जाणे यांमधील अंतर ठरू शकते.

हा पुरावा शोधावयाचा कोठे? ‘पथविक्रेता’ हा शब्द अलीकडचा असल्याने जुन्या दप्तरांत तो सापडणार नाही. तेथे सापडतील ते अडथळ्याबद्दलचे दंड, जप्तीचे पंचनामे, भुईभाड्याच्या नोंदी, तहबाजारीचे लिलाव, बाकड्यांचे परवाने, स्थायी समितीच्या कार्यवृत्तांतील तक्रारी आणि स्थानिक वृत्तपत्रांतील बातम्या. गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ (१८६३) किंवा ना. वि. जोशी यांचे ‘पुणे शहराचे वर्णन’ (१८६८) यांसारखे ग्रंथ बाजारांची जुनी ठिकाणे समजण्यास साहाय्यभूत ठरतात. शब्दांची ही वंशावळ ज्यास ठाऊक नाही, त्याला कागदपत्रे समोर असूनही विक्रेता दिसणार नाही. ज्याला ती ठाऊक आहे, त्याला असे दिसेल की, विक्रेत्याला हटविण्यासाठी लिहिलेला प्रत्येक पंचनामा हा तो तेथे हजर असल्याची दिनांकासह केलेली नोंदही आहे.

जून २०२० मध्ये टाळेबंदीच्या पार्श्वभूमीवर सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेत पथविक्रेत्यांना प्रारंभी दहा हजार रुपयांपर्यंत खेळते भांडवल देण्याची तरतूद होती. सर्वेक्षणात नाव नसलेल्यांना शिफारसपत्राच्या आधारे पात्र ठरविण्यात आले. नोंदीत नाव असणे आणि नसणे यांचा अर्थ अनेक विक्रेत्यांना या वेळी प्रत्यक्ष समजला.

या विवेचनाची दुसरी बाजूही ध्यानात घेणे आवश्यक आहे. पदपथ हे पादचाऱ्यांसाठी आहेत आणि वृद्ध, अपंग व शाळकरी मुले यांना गर्दीचा सर्वाधिक त्रास होतो. सप्टेंबर २०१७ मध्ये मुंबईतील एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर झालेल्या चेंगराचेंगरीत २३ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर १ नोव्हेंबर २०१७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वे स्थानकांपासून १५० मीटरच्या आत विक्रीस मनाई असल्याचे स्पष्ट केले. सुरक्षिततेची ही चिंता रास्त आहे. परंतु कोणती जागा धोक्याची आणि कोणती वहिवाटीची, हा निर्णय सर्वेक्षणावर आणि जुन्या नोंदींवर आधारलेला असावा. ‘अतिक्रमण’ या एका शब्दाने तो आधीच लागलेला नसावा.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. एक, मराठीतील लहान दुकानांची नावे प्रामुख्याने जागेवरील हक्काची श्रेणी दर्शवितात. बांधणी आणि माल या बाबी त्यात दुय्यम ठरतात. दोन, खुल्या बाजाराचे मंडईत रूपांतर होताना अधिकृत जागेबरोबरच अनधिकृत जागेची संकल्पनाही जन्मास आली आणि ‘गाळा’ व ‘अडथळा’ हे शब्द एकाच प्रक्रियेतून प्रचारात आले. तीन, शासनाने स्वतः दिलेल्या जागांना केंद्र, स्टॉल, बूथ अशी नावे देऊन त्याच प्रकारच्या लोकनिर्मित जागांपासून त्या वेगळ्या राखल्या. चार, २०१४ च्या अधिनियमाने प्रादेशिक नावांना मान्यता दिल्यामुळे या नावांचा अभ्यास हा आता पुराव्याचा विषय झाला आहे.

या कामी महाविद्यालयांतील इतिहास, मराठी व समाजशास्त्र या विभागांना मोठा वाव आहे. आपल्या शहरातील अथवा तालुक्याच्या गावातील एखादा जुना बाजार निवडून नगरपालिकेचे दप्तर, वृत्तपत्रांच्या संचिका आणि वृद्ध विक्रेत्यांच्या आठवणी एकत्र केल्यास त्या बाजाराचा पन्नास वर्षांचा आलेख तयार करणे विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील आहे. मात्र हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही. जुन्या पावत्या विरत चालल्या आहेत, रस्तारुंदीत झाडे व कोपरे नाहीसे होत आहेत आणि ज्यांना आपली पहिली पथारी कोठे पसरली होती हे आठवते, ती पिढी आता थकलेली आहे.